लहान लॉ फर्मच्या फॉर्ममधले प्रश्न: उत्तरं कशी लिहावीत? (नागपूर)

वणीवाली
नमस्कार मंडळी. यंदा एलएलबी झालं, सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा) अजून द्यायची आहे. सिव्हिल लाइन्समधल्या एका लहान ऑफिसात ज्युनियर म्हणून अर्ज करते आहे. चार वकील, एक मुनशी (वकिलाचा कारकून), एक टायपिस्ट, एवढाच पसारा. बायोडेटा पाठवला तर तिकडून फॉर्म आला आणि त्यातले प्रश्न चांगलेच विचार करायला लावणारे आहेत.

आमच्याकडेच का यायचं आहे? स्वतः केलेल्या एका कामाबद्दल ३०० शब्दांत लिहा. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? मानधनाची अपेक्षा किती? शिवाय एक प्रसंग दिलाय: सीनियर हायकोर्टात उभे आहेत, फोन बंद आहे, चेक बाउन्सचा पक्षकार ऑफिसात येऊन म्हणतो 'आजच नोटीस काढा'. तुम्ही काय कराल?

घरात कोणी वकील नाही. इंटर्नशिप आधी वणीच्या कोर्टात आणि मग इथे जिल्हा न्यायालयात एका मॅडमकडे केली. मैत्रिणी म्हणतात, नेटवरून उत्तरं उचल, कोण वाचतंय. मला ते पटत नाही. मराठी किंवा इंग्रजी, दोन्ही चालेल असं लिहिलंय. सोमवारपर्यंत पाठवायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

निशाणी ५
वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मोठ्या फर्ममध्ये त्यासाठी वेगळी माणसं असतात. लहान ऑफिसात सीनियर स्वतः वाचतो, बहुधा रात्री, उद्याच्या बोर्डाची (कोर्टात लागलेल्या प्रकरणांची) तयारी संपल्यावर. मी ज्युनियर घेतो तेव्हा उत्तरात बघतो की तारीख, रक्कम आणि नाव बिनचूक लिहिता येतं का, आणि विचारलं तेवढंच लिहिलंय का. उद्या माझा दावा, लेखी जबाब, पुरसिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) याच मुलीच्या हातून टाइप होणार आहे. फॉर्म म्हणजे तिच्या ड्राफ्टिंगचा पहिला नमुना.

'मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे' असं पुष्कळ जण लिहितात. भावना खरी असेल, पण त्यावरून मला त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

तर्रीपोहा
ताई, पहिले अभिनंदन सनदेबद्दल! उत्तरं मोठे लोक सांगतीलच, मी जागा धरून बसून राहिलो.

धंतोलीकर
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. वकिलांना जाहिरातीची बंदी आहे, बार कौन्सिलचा नियम ३६. त्यामुळे फर्मच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र यापलीकडे फारसं सापडणार नाही. तिथली दोन वाक्यं फिरवून 'तुमच्या फर्मच्या उज्ज्वल परंपरेमुळे' असं लिहू नकोस.

ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केस शोधता येते. सीनियरचं नाव टाकून जिल्हा न्यायालय बघ. मग हायकोर्टाच्या साइटवर नागपूर खंडपीठाचे निकाल काढ. निकालाच्या पहिल्या पानावर कोणत्या बाजूने कोण वकील ते छापलेलं असतं. अर्ध्या तासात ऑफिस खरं काय काम करतं ते कळतं: भूसंपादन, मोटार अपघात, घरभाडं, कौटुंबिक, सर्व्हिस मॅटर, काय ते. मग 'का' या प्रश्नाला उत्तर आपोआप सुचतं.

वणीवाली
धंतोलीकर काका, लगेच बघितलं! खूप आभार. बहुतेक जात पडताळणीच्या रिट याचिका आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचे मॅटर दिसतात. थोडे चेक बाउन्सचे.

अमरावतीची लेक
मग तुझं काम सोपं झालं. जात पडताळणी समितीने जातीचा दावा फेटाळला की लोक खंडपीठात येतात आणि विदर्भाच्या ११ जिल्ह्यांच्या या याचिका इथेच चालतात. या फाइलींचा सगळा जीव जुन्या कागदांत असतो. १९५० पूर्वीचा शाळेचा दाखल-खारीज (प्रवेशाची नोंदवही), कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद). नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे त्या काळातले बरेचसे कागद हिंदीत आहेत. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद एका आडव्या ओळीत, बापाचं नाव आणि जात शेजारच्या रकान्यांत, शाई फिकी पडलेली. पणजोबा एका कागदावर 'सखाराम', दुसऱ्यावर 'सख्या', आडनाव कुठेच नाही. हे दोघे एकच माणूस आहेत हे वंशावळीत आणि शपथपत्रात जुळवून दाखवायचं असतं. यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मुलाची मेडिकलची सीट जाऊ शकते.

असे कागद तू कधी हाताळले असशील तर पहिल्या उत्तरात ते आलंच पाहिजे.

वणीवाली
ताई, हाताळले आहेत! वणीला असताना एका याचिकेसाठी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल मीच काढून आणली होती. अर्ज लिहिण्यापासून सही-शिक्क्याची प्रत हातात येईपर्यंत. पण मला वाटलं हे तर मुनशीचं काम, फॉर्ममध्ये काय लिहायचं. मी एका मूट कोर्टबद्दल (कॉलेजातल्या सराव खटल्याबद्दल) लिहिणार होते.

मुनशीजी
बेटा, ज्याला तू मुनशीचं काम म्हणून राहिली त्याच्यावरच ऑफिस चालते. मी २५ वर्षांहून जास्त झाले कोर्टात आहे. नक्कल विभागात अर्ज कसा लावायचा, कोर्ट फीचं तिकीट किती, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) तारीख काय पडली हे ज्याला माहीत आहे तो ज्युनियर पहिल्या दिवसापासून कामाचा. ते मूट कोर्ट तिथेच राहू दे. नकलेचंच लिही.

निशाणी ५
मुनशीजींना शंभर टक्के अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच. काय हवं होतं, कोणत्या कार्यालयात मागितलं, अडचण काय आली, ती कशी सोडवली, शेवटी हातात काय आलं. बास. कोणतं काम स्वतः केलं आणि कोणतं मॅडमनी किंवा सीनियरनी केलं ते वेगळं करून सांग. 'आम्ही याचिका दाखल केली' यातला 'आम्ही' म्हणजे कोण, हा प्रश्न मुलाखतीत येणारच.

गोंदियावाला
माझं मत: केस नंबर, पक्षकाराचं नाव सगळं द्यावं. म्हणजे त्यांना तपासून बघता येईल की मुलगी खरं बोलते. निकाल तर ई-कोर्ट्सवर सगळ्यांना दिसतोच, लपवायचं काय त्यात?

अमरावतीची लेक
गोंदियावाला दादा, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. निकाल सार्वजनिक असतो, पक्षकाराने ऑफिसात बसून सांगितलेलं सार्वजनिक नसतं. पूर्वी साक्ष पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, आणि हे बंधन काम संपल्यावरही सुटत नाही. वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही ते लागू आहे.

शिवाय नागपूर केवढं? सगळे एकमेकांना ओळखतात. ज्या ऑफिसात ती अर्ज करते आहे तेच त्या जुन्या मॅटरमध्ये समोरच्या बाजूने उभे असतील तर? कौटुंबिक किंवा लहान मुलांच्या प्रकरणात तर नावाचा विचारही करू नये. 'यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अर्जदाराची जात पडताळणीची याचिका' एवढं पुरे.

गोंदियावाला
समोरच्या बाजूचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मान्य. पण मग खरं-खोटं कळणार कसं?

निशाणी ५
मुलाखतीत. 'नकलेचा अर्ज कुणाच्या नावाने केला? ओळखपत्र कुणाचं जोडलं? नोंद सापडत नाही म्हणाले तेव्हा काय केलं?' ज्याने काम केलंय तो न थांबता सांगतो. आणि नावं न लिहिलेला अर्ज आला की मी मनात एक खूण करतो: या मुलीला माझ्या पक्षकारांच्या फाइली देता येतील.

जेएमएफसी अभ्यास गट
पाच वर्षांच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांना न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली परत सक्तीची झाली, म्हणून सगळे ऑफिस शोधून राहिलेत. पण फॉर्ममध्ये 'तीन वर्षांनी परीक्षा देणार' लिहिलं तर घेतील का? आम्ही तर 'पाच वर्षांनी तुमच्याच फर्ममध्ये' असं लिहायचं ठरवलंय.

धंतोलीकर
नका रे असं करू. त्या तीन वर्षांचं प्रमाणपत्र लागतं. ते एकतर त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं, तेही त्या अधिकाऱ्याने पृष्ठांकित केलेलं. म्हणजे बहुतेकांना ज्या सीनियरपासून लपवलं त्याच्याकडेच सही मागायला जावं लागणार. आणि न्यायाधीश व्हायच्या वाटेवरची पहिलीच पायरी खोटी का ठेवायची?

एक दिलासा: तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, एआयबीई पास झाल्यापासून नाही.

कोर्टाची पायरी
धंतोलीकरांशी तत्त्वतः सहमत, पण व्यवहार वेगळा आहे. मी 'परीक्षा देणार' असं स्पष्ट लिहिलं होतं आणि एका ऑफिसाने तोंडावर सांगितलं, तीन वर्षांत शिकवून सोडून जाणारा माणूस आम्हाला नको. त्यांचंही चूक नाही, पहिलं वर्ष तर शिकवण्यातच जातं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं की तीन वर्षं पूर्ण वेळ राहीन, अभ्यासासाठी बोर्डाचा दिवस बुडवणार नाही, परीक्षेच्या आधीची सुट्टी दोन महिने अगोदर सांगेन. त्यांनी घेतलं. खरं बोलायचं तर सोबत शब्दही द्यावा लागतो, हे माझ्या पदरात पडलेलं शहाणपण.

वणीवाली
मला परीक्षा द्यायची नाही, मला वकिलीच करायची आहे. तेही यवतमाळ-चंद्रपूरकडच्या जमिनीच्या प्रकरणांत. पण 'पाच वर्षांनी स्वतःचं ऑफिस' लिहिलं तर वाईट दिसेल का?

निशाणी ५
अजिबात नाही. स्वतंत्र वकिली करावीशी वाटणं हा या पेशाचा स्वभावच आहे. लिही की पाच वर्षांत भूसंपादनाचा संदर्भ अर्ज (वाढीव मोबदल्यासाठीचा) सुरुवातीपासून पुराव्यापर्यंत एकटीने चालवता यावा, साक्षीदाराचा उलटतपास घेता यावा. काय शिकायचं ते लिही, ऑफिसच्या पाटीचं नंतर बघू.

बँकेतला
थोडं अवांतर. मी बँकेच्या लीगल विभागात पूर्ण वेळ नोकरीला आहे, सनद आहे. नोकरी न सोडता एखाद्या फर्मला अर्ज केला तर चालेल?

अमरावतीची लेक
बार कौन्सिलचा नियम ४९ बघा. पूर्ण वेळ पगारी नोकरी असताना वकिली करता येत नाही, नोकरी लागल्याचं बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. आधी सनदेची स्थिती सरळ करा. फॉर्ममध्ये 'सध्या काय करता' या रकान्यात नोकरी लपवली तर पुढे त्रास तुम्हालाच.

तर्रीपोहा
मानधनाचं बोला ना कोणी! तिथंच आम्ही सगळे अडकून राहिलो.

कोर्टाची पायरी
बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली आहे: ज्युनियरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. नागपुरात कित्येक ठिकाणी याच्या निम्मे मिळाले तरी पोरं खूश असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याचा राग येतो. बाहेरगावाहून आलेल्या मुलीने खोलीभाडं, मेस आणि पेट्रोल कुठून काढायचं? मग वकिली फक्त वकिलांच्या पोरांनीच करायची का?

धंतोलीकर
राग रास्त आहे. लहान ऑफिसचीही बाजू आहे, पक्षकार फी हप्त्याने देतात, काही देतच नाहीत. पण म्हणून रकाना रिकामा सोडू नये आणि 'आपण द्याल ते' असंही लिहू नये. वणीवाली, शिफारशीचा आकडा लिही आणि पुढे एक ओळ टाक: नागपुरात राहण्याचा माझा महिन्याचा खर्च इतका आहे, त्याखाली मला शक्य होणार नाही. सीनियरला खरा आकडा समोर असला की बोलणं सोपं जातं.

मुनशीजी
आणि हेही विचार की जिल्हा कोर्टात, चंद्रपूर-यवतमाळला पेशीला पाठवलं तर जाण्यायेण्याचा खर्च कोण देईल. हे कोणी विचारत नाही आणि मग महिन्याच्या शेवटी खिशाला कात्री लागते.

तर्रीपोहा
मुलाखत मे महिन्यात निघाली तर काळा कोट घालून ४५ डिग्रीत सिव्हिल लाइन्स पायी? ताई, ऑफिसच्या खालीच उसाचा रस प्यून घ्या आधी 😄

अमरावतीची लेक
😄 उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नसते, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात असते. मुलाखतीला साधा पांढरा सलवार-कुर्ता पुरे. कोट हातावर ठेवायचा.

रविनगर
भाषेबद्दल. इंग्रजीत लिहावं असं माझं ठाम मत. हायकोर्टाचं सगळं काम इंग्रजीत, याचिका इंग्रजीत. मराठीत लिहिलं की पहिल्या नजरेत शंका येते की इंग्रजी ड्राफ्टिंग जमेल का.

मुनशीजी
आणि गावातून आलेला पक्षकार? तो इंग्रजीत रडतो काय? सातबारा, फेरफार, निस्तारपत्रक, तलाठ्याचा पंचनामा, सारं मराठीत नाही तर हिंदीत. समजून घेणारं माणूस पाहिजे.

रविनगर
मुनशीजी, पक्षकाराशी मराठीत बोलायला माझी ना नाही. फॉर्मपुरतं म्हणतोय.

निशाणी ५
दोघांचंही ऐकावं. तीन-चार उत्तरं इंग्रजीत लिही, म्हणजे हात दिसेल. प्रसंगाचं उत्तर मराठीत लिही, कारण तिथे समोर पक्षकार बसला आहे आणि तू त्याच्याशी मराठीतच बोलणार आहेस. फॉर्मने दोन्हीची मुभा दिली आहे. मशीनकडून इंग्रजी गुळगुळीत करून घेऊ नकोस. एका अर्जात मला अस्तित्वातच नसलेला निकाल संदर्भासहित वाचायला मिळाला होता. तो अर्ज मी तिथेच मिटला.

वणीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसंगाचं उत्तर असं लिहिलंय, बघाल का?

'पक्षकाराला बसवून आधी मूळ चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो बघीन. चेक परत आल्याचं बँकेकडून त्यांना कोणत्या तारखेला कळलं ते विचारून लिहून घेईन, कारण नोटिशीचे ३० दिवस तिथून मोजायचे. दिवस शिल्लक असतील तर नोटिशीचा मसुदा तयार करून ठेवीन, कागदांच्या प्रती काढीन, आणि सर किंवा ऑफिसातले दुसरे वकील बघितल्याशिवाय ती जाणार नाही, असं पक्षकाराला स्पष्ट सांगेन. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, त्यानंतर एका महिन्यात तक्रार करायची असते, हेही सांगेन, म्हणजे आज धावपळ का आणि नंतर थांबायचं का, ते त्यांना कळेल.'

धंतोलीकर
छान. मुद्देसूद आहे. एक विचारतो: आज तिसावाच दिवस असेल तर?

वणीवाली
तेच सुचत नाहीये. माझ्या सहीने पाठवू का? सनद तर आहे माझ्याकडे.

निशाणी ५
पक्षकाराने काम ऑफिसला दिलंय. सीनियरच्या लेटरहेडवर त्याच्या परवानगीशिवाय सही करायची नाही, हे पक्कं धर. ऑफिसात चार वकील आहेत, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यापैकी कोणी सापडतंय का ते बघ. हायकोर्टात मुनशीला चिठ्ठी देऊन पाठवता येतं. कोणीच सापडलं नाही तर चेक बाउन्सचं कलम १३८ परत वाच. नोटीस वकिलानेच द्यावी असं त्यात कुठेही नाही. ज्याच्या नावाचा चेक आहे त्याने लेखी मागणी करायची. तेव्हा पक्षकाराच्या नावाने, त्याच्याच सहीने साधी नोटीस तयार कर, आजच स्पीड पोस्टाने टाकायला लाव, पावती आणि प्रत फाइलला. चेकवरची रक्कम तंतोतंत लिही, आकडा चुकला तर नोटीसच बाद ठरू शकते.

३० दिवस उलटूनच गेले असतील तर चेकची तारीख बघ. तीन महिन्यांच्या आत असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो आणि परत आला की नोटिशीची मुदत नव्याने मिळते.

आणि सगळ्यात आधी, मसुद्याच्याही आधी: समोरची पार्टी कोण ते विचार आणि ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नाव बघ. ती आपलीच जुनी पक्षकार निघाली तर सीनियरशी बोलल्याशिवाय एक ओळही टाइप करायची नाही.

अमरावतीची लेक
ही शेवटची ओळ उत्तरात पहिली घे. हे लिहिणारा ज्युनियर मला आजवर क्वचित दिसला आहे.

गोंदियावाला
मघाशी मी नाव-नंबर टाका म्हणालो होतो, तोच मुद्दा इथे पुन्हा आला. खरंच उपयोगी धागा.

वणीवाली
घेतली, पहिल्या ओळीत. कोतवाल बुकाचं उत्तर २८० शब्दांत बसलं, नाव कुठेही नाही. अजून एक: एआयबीई बाकी आहे हे लिहू का? आणि संदर्भासाठी मॅडमचं नाव द्यायचं आहे.

धंतोलीकर
एआयबीईचं लिही, नोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हायची असते हे त्यांना माहीत आहे. कधी बसणार तेही लिही. मॅडमना आधी फोन कर, विचारल्याशिवाय कोणाचं नाव देऊ नये. कोणत्या कामाबद्दल लिहिलंय तेही सांगून ठेव, म्हणजे तिकडून फोन गेला तर त्यांना माहीत असेल.

वणीवाली
आत्ताच बोलले, हो म्हणाल्या. रविवारी रात्री पाठवते.

मुनशीजी
रविवारी रात्री कशाला? शनिवारीच पाठव. शेवटच्या दिवशी फाइलिंग करायची सवय आत्तापासून नको लावून घेऊ.